सदतिसावी वाटी

आमच्या दाजींनी एकतीस वर्षं आमच्या घरच्या पाण्याचा एक थेंब तोंडात घेतला नाही. त्यातली सव्वीस वर्षं मी गावभर सांगत होते की दाजी दर रविवारी येतात, दोन पेले पाणी पितात आणि वर चहाही घेतात. खोटं बोलायची मला हौस नाही. पण सख्ख्या बहिणीचा नवरा आपल्या दारातून कोरड्या घशाने परत जातो, हे चार लोकांत सांगायला जीभ रेटायला हवी. माझी रेटली नाही. त्या खोट्यापायी दाजींच्या डोक्यावरचं छप्पर जायची वेळ आली, तेव्हाची ही गोष्ट.

दाजी आमच्या पाच गावांचे पाटकरी. डोंगराच्या पायथ्याशी एक झरा आहे, त्याचा एक पाट काढलेला आहे आणि त्या एका पाटावर पाच गावं जगतात. पंचायत एक, शाळा एक, दवाखाना एक, आणि इथे आमची एकी संपते. वरच्या गावात डोंगरातली जुनी माणसं. त्याखाली पुलाकडचं गाव, त्यांची भाषा वरच्या गावाचीच, पण हे दोन्ही गावांना कबूल नाही. मग भट्टीचं गाव, तिथले लोक विटा भाजायला म्हणून दोन पिढ्यांपूर्वी आले आणि राहिले. चौथं आमचं. आणि पाटाच्या शेपटाला तळचं गाव. त्यांचं मूळ गाव कुठल्याशा धरणाखाली गेलं, तेव्हा सरकारने त्यांना इथे आणून बसवलं. पाच गावं, चार भाषा, आणि जो तो दुसऱ्याला पाण्यात पाहणारा. पाणी वाटायला यांच्यातला माणूस नेमला असता तर महिन्याभरात डोकी फुटली असती. म्हणून पहिल्यापासून नियम असा, की पाटकरी पाचांपैकी कुठल्याच गावचा नसावा आणि त्याच्या नावावर पाचही गावांत हातभर जमीन किंवा एक खोलीसुद्धा नसावी. तो राहणार पाटघरात, आणि तेही नोकरी आहे तोवर.

पाटघर म्हणजे झऱ्याच्या तोंडाशी बांधलेली दगडी खोली. पुढच्या अर्ध्या भागात एक कुंडी, गुडघ्याएवढी उंच, काठोकाठ पाण्याने भरलेली. कुंडीत एक तांब्याची वाटी तरंगत असते आणि तिच्या बुडाला सुईचं टोक जाईल एवढं भोक. भोकातून पाणी आत येत राहतं, वाटी जड होते आणि एका क्षणी डुबुक करून तळाला जाते. झाली एक वाटी. ती काढायची, पालथी करून झटकायची, परत तरंगत ठेवायची आणि फळीवर एक खडा सरकवायचा. सूर्य उगवताना पहिली, आणि छत्तिसावी बुडाली की दिवस संपला. एका दिवसाचं सगळं पाणी एका गावाला, पाच दिवसांत पाच पाळ्या, सहाव्या दिवशी पाटाची साफसफाई. छत्तिसावीनंतरचं पाणी तळ्यात साठतं, ते दुसऱ्या दिवशी ज्याची पाळी त्याचं. दिवसाला छत्तीस वाट्या आणि गावागावांतही छत्तीसचा आकडा, असं आमचे वडील म्हणायचे.

ज्या गावाची पाळी, त्या गावचा एक माणूस साक्षीला समोर बसलेला असतो. दाजी त्याच्या भाषेत मोजायचे. वरच्या गावाचं त्यांच्या भाषेत, भट्टीवाल्यांचं त्यांच्या, आमचं आमच्या. उच्चार इतके स्वच्छ, की डोळे मिटले तर घरचाच माणूस मोजतोय असं वाटावं. आमच्याकडे गंमतीने म्हणायचे, पाटकऱ्याला चार भाषा येतात, पण प्रत्येक छत्तीसपर्यंतच. सदतीस त्याला एकाही भाषेत येत नाही.

माणूस आला कुठून म्हणाल, तर रस्त्यावरून. रस्त्याला डांबर घालणारी टोळी आली होती, त्यात हे विशीचे, तापाने फणफणलेले. टोळीने यांना पाटघराच्या ओट्यावर टाकलं आणि पुढे निघून गेली. जुना पाटकरी आणि त्याची बायको, दोघं म्हातारे. त्यांनी यांना पाणी पाजपाजून जगवलं. म्हाताऱ्याची नजर गेलेली होती, वाटी बुडाली हे तो आवाजावरून ओळखायचा. हा पोरगा बरा होऊन उठला आणि खडे सरकवायला बसला, तो बसलाच. पाचही गावांशी नातं नाही, जमीन नाही, जुमला नाही. पंचायतीला देव पावला.

मग त्यांनी आमची ताई बघितली, किंवा ताईने त्यांना बघितलं. याबद्दल दोघांनीही आयुष्यभर मिठाची गुळणी धरली आहे. लग्न आमच्याच अंगणात झालं. मी चौदा वर्षांची. जावईबापूंना पाणी नेऊन देण्याचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मी पितळी पेला चिंचेने घासून आरशासारखा लख्ख केला होता. दाजींनी पेला घेतला, ओठाला लावला, आणि तेवढ्यात आमचे वडील शेजाऱ्यांना मोठ्याने म्हणाले, "आता काय काळजी? पाटकरीच जावई केला. पाणी चालत आपल्या दारात येईल."

लोक हसले. दाजींनी पेला ओठापासून काढला आणि माझ्या हातात परत दिला. भरलेलाच. "आत्ताच प्यालो," म्हणाले. कुठे प्यालो, कधी प्यालो? सकाळपासून माझ्या डोळ्यांसमोर बसलेला माणूस. मला इतकं लागलं ते, की मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मला वाटलं, पेला नीट घासला गेला नाही.

त्याच वर्षी म्हातारा पाटकरी गेला आणि वाटी दाजींच्या हातात आली. दुपारी ते पाट तपासायला जात, तेवढा वेळ वाटी ताई काढायची आणि खडा साक्षीदार सरकवायचा. तेव्हापासून त्यांचं ते एकच पालुपद. आमच्याकडे यायचे. आईची खाट विणून दिली, दाराची बिजागरी बसवली, वडील आजारी पडले तेव्हा त्यांना पाठीवर घेऊन चार मैल दवाखान्यात नेलं. घामाने निथळत परत आले तेव्हा आईने पेला पुढे केला, तर "आत्ताच प्यालो." खांद्याला खाकी कापड चढवलेली पत्र्याची बाटली असायची, ती पाटघरातून भरून आणलेली. दाराबाहेर, रस्त्यावर उभे राहून तिच्यातलं पीत. वडील शेवटपर्यंत म्हणत राहिले की जावई गर्विष्ठ आहे. आई पेला परत फळीवर ठेवायची.

आणि शेजारणी विचारायच्या ना. जावई आला होता वाटतं, काय केलंस मग? मी पहिल्यांदा म्हटलं, काही नाही, पाणी प्याले आणि गेले. मग एका पेल्याचे दोन झाले, मग चहा आला, मग एकदा मी लिंबाचं सरबतसुद्धा पाजलं त्यांना. खोट्याला काय, ढील दिली की पतंग जातोच वर. ताईला मी एकदाच विचारलं होतं, की तुझा नवरा आमचं पाणी का पीत नाही? ती म्हणाली, "त्यांनाच विचार." मी कशाला विचारू? माझं काय अडलं होतं? मानी माणसाच्या घरात प्रश्न विचारायची पद्धत नसते, तोंड फिरवायची असते.

वर्षं गेली. माझं लग्न गावातच झालं. यजमानांनी कलमांची रोपवाटिका घातली, गावाच्या अगदी शेवटच्या टोकाला, कारण तीच जमीन वाट्याला आली होती. तीन वर्षांपूर्वी ते गेले. मागे सहाशे कलमं उरली, प्रत्येकावर त्यांच्या हातची सुतळी. मी त्यांना जपायचे ते काही फक्त पोटासाठी नाही. एखादं कलम फुटलं की वाटायचं, माणूस अजून थोडा शिल्लक आहे.

आणि मग ते कोरडं वर्ष आलं. झरा निम्म्यावर आला. वाट्या छत्तीसच, पण पाटातलं पाणी घोट्याएवढंही नाही. आमच्या पाळीचं पाणी गावातून येईतो वाटेतली वावरंच ते पिऊन टाकायची आणि माझ्या टोकाला नुसता ओला चिखल पोचायचा. दोन पाळ्या अशा गेल्या. पानं गुंडाळायला लागली. तिसऱ्या पाळीच्या दिवशी मी संध्याकाळी तरातरा चालत पाटघरात गेले. साक्षीदार नुकताच घरी गेला होता. कुंडीत छत्तिसावी वाटी बुडालेली होती आणि दाजी बाही वर करून ती काढत होते. ताई दारात तांदूळ निवडत बसली होती.

मी म्हटलं, "दाजी, पाट अजून बंद करू नका. एक वाटी फक्त. कलमं मरताहेत."

"छत्तीस झाल्या," दाजी म्हणाले.

"मला मोजता येतं. मी सदतिसावी मागतेय."

त्यांनी वाटी पुसली, कोनाड्यात पालथी घातली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मेहुणीबाई, ती सदतिसावी नाही. ती तळच्या गावाची पहिली आहे."

मग मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. दगडाला पाझर फुटेल पण तुम्हांला नाही, इथून सुरुवात केली आणि त्यांच्या डांबराच्या टोळीपर्यंत गेले. दाजी ऐकत उभे होते. ताईने तांदळातून मान वर केली नाही. मी परतीच्या वाटेवर मोठ्याने रडले, कारण वाटेत कोणी नव्हतं.

त्या आठवड्यात चारशे कलमं गेली. उरलेली दोनशे मी भांड्यांच्या पाण्यावर, आंघोळीच्या पाण्यावर, शेजारणीच्या धुण्याच्या पाण्यावर जगवली. कमरेवर कळशी घेऊन इतक्या खेपा केल्या की डावीकडे वाकून चालायची सवय लागली. दाजींशी मी बोलणं टाकलं.

आता बघा, माणसांचं डोकं कसं चालतं. तळच्या गावच्या कोणीतरी मला त्या संध्याकाळी पाटघराकडून येताना पाहिलं होतं. चौथ्या गावाची पाळी, दिवस मावळलेला, पाटकऱ्याची मेहुणी पाटघरातून येते आहे. पुढे महिन्याभराने त्यांची सगळी भाजी करपलेली, आणि माझ्या वाफ्यात दोनशे कलमं हिरवीगार. हातच्या काकणाला आरसा कशाला? पाचही गावांत बोभाटा झाला की चौथ्या गावाला छत्तीस नाही, सदतीस वाट्या मिळतात. आमच्या पाळीला साक्षी आमच्याच गावचा. त्याच्या शपथेला कोण विचारतो?

पंचायत बसली ती शाळेत, साफसफाईच्या सहाव्या दिवशी, सकाळी दहाला. पाच गावांची मोठमोठी माणसं पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसली होती. फळ्यावर आदल्या दिवशीची बेरीज तशीच होती. अध्यक्ष वरच्या गावचे बेकरीवाले, भुवयांवरही पीठ असणारा माणूस. विषय एकच. दाजींना काढायचं की ठेवायचं. काढलं तर त्याच दिवशी पाटघर रिकामं करायचं. पंचावन्न वर्षांचा माणूस, बायको, दोन ट्रंका, आणि नियमाप्रमाणे पाच गावांत कुठे एक खोली नाही. ताई भिंतीशी उभी होती. तिने घरातली भांडी आदल्या दिवशीच बांधून ठेवली होती, हे मला नंतर कळलं.

मी शेवटच्या बाकावर बसले होते, आणि खरं सांगायचं तर मनात म्हणत होते, होऊ दे जे व्हायचं ते. चारशे कलमं अजून डोळ्यांपुढून हलत नव्हती.

तळच्या गावातर्फे त्यांचा सुतार उठला. शांत माणूस, आवाज चढवत नाही. तो म्हणाला की वाट्या किती बुडाल्या हे मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही. मी जे पाहिलं आहे ते बोलतो. "हा माणूस रोज दुपारी पाट तपासत आमच्या गावापर्यंत येतो. सव्वीस वर्षं येतोय. माझी आई दारात पाणी घेऊन उभी राहायची. हा म्हणायचा, आत्ताच पिऊन आलो. आई मरेपर्यंत उभी राहिली, याने तिच्या हातचं घेतलं नाही. कुठून पिऊन येत होता? सासुरवाडीहून. सगळ्यांना माहीत आहे, तिथे दोन दोन पेले पितो. आमचं गाव बुडालं, आम्ही उपरे, आमच्या हातचं याला चालत नाही. ज्याला आमचं पाणी चालत नाही, तो आम्हांला पुरं पाणी देत असेल?"

मग भट्टीचा मुकादम खाकरला आणि उठला. तो म्हणाला, "पण आमच्याकडेही नाही पीत." त्याला म्हणे कायम वाटायचं की आमचे हात मातीचे, राखेचे, म्हणून पाटकरी टाळतो, पुलाकडच्या गावात पीत असेल. त्यावर पुलाकडची दुकानदारीण बसल्या जागेवरून म्हणाली, आमच्याकडे तर कधीच नाही. आम्ही समजत होतो, तो वरच्या गावचं खातोपितो, म्हणून आमच्याशी फटकून आहे.

सगळ्यांनी बेकरीवाल्यांकडे पाहिलं. बेकरीवाले हातातल्या पेन्सिलीशी चाळा करत होते. म्हणाले, माझ्या भट्टीसमोर तो दर शनिवारी पाटाची फळी बसवतो. भर उन्हात. मी शंभरदा तरी पाणी पुढे केलं असेल. "आत्ताच प्यालो, म्हणतो."

आणि मग एकेक मान माझ्याकडे वळली. पाच गावांच्या माना. उरलं होतं ते एकच घर, माझं. दोन पेले, चहा आणि सरबत.

सव्वीस वर्षं जपलेली अब्रू एका बाजूला. दुसऱ्या बाजूला हा माणूस, भिंतीशी उभा, खांद्याला ती बाटली, कोणाकडेही न बघता. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं असतं, नजरेने विनवलं असतं, तर कदाचित मी गप्प बसले असते. इतकी मी हट्टी आहे. पण ते खिडकीबाहेर बघत होते. आणि त्याच क्षणी मला कळलं. चौदाव्या वर्षी मी घासलेल्या पेल्यात काही खोट नव्हती.

मी उठले. गुडघा बाकाला आपटला. म्हटलं, "आमच्याकडेही नाही. लग्नाच्या दिवसापासून एक थेंब नाही. दोन पेले, चहा, ते सगळं मी रचलं. लाज वाटायची म्हणून. माझ्या वडिलांच्या तोंडून, पाणी आता आपल्या दारात येईल, असं ऐकलं आणि या माणसाने भरलेला पेला माझ्या हातात परत दिला." मग म्हटलं, हो, त्या संध्याकाळी मी गेले होते सदतिसावी वाटी मागायला. मिळाली नाही. माझी चारशे कलमं वाळून उभी आहेत, ज्याला मोजायची त्याने येऊन मोजावी. दोनशे हिरवी आहेत ती उष्ट्या पाण्यावर. माझे हात बघा.

आणि मी खरोखर हात पुढे केले, शाळकरी पोरीसारखे. सुताराने हात पाहिले, कळशीच्या काठाने पडलेले घट्टे पाहिले, आणि खाली बसला.

मला वाटतं जो तो मनातल्या मनात हिशेब करत होता. सव्वीस वर्षं. रोज दुपारी वरपासून तळापर्यंत पाच मैल आणि परत पाच मैल. उन्हाळे धरा, हिवाळे धरा. शेकडो दारं, प्रत्येक दारात कोणीतरी पेला घेऊन उभं. आणि एका दारात, एकदाही, चुकूनसुद्धा नाही. प्रत्येक गावाने तो अपमान एकट्याचा म्हणून उराशी धरला, आणि मानापायी शेजारच्या गावाला विचारलं नाही. विचारलं असतं तर एका दिवसात उलगडा झाला असता. मी कोणाला हसू, मीच त्यांची राणी.

शेवटी बेकरीवाल्यांनीच विचारलं, की बाबा रे, असं का केलंस?

दाजींना सभेत बोलायची सवय नाही. त्यांनी बाटलीचा पट्टा नीट केला. म्हणाले, "म्हाताऱ्याने सांगितलं होतं. ज्याच्या घरचं पाणी प्यालास, त्याला 'छत्तीस झाल्या' म्हणताना जीभ जड होईल. मला ते सासुरवाडीत पटलं. मग एकाकडे नाही म्हणून कोणाकडेच नाही."

"मग सांगायचं तरी," दुकानदारीण म्हणाली.

"कोणी विचारलं नाही," दाजी म्हणाले.

मी आयुष्यात मोठी माणसं फारशी पाहिलेली नाहीत. आमच्याकडे ती येत नाहीत. पण त्या दिवशी त्या वर्गात, बेरजेच्या फळ्याखाली, मला या माणसाकडे मान वर करून बघावंसं वाटलं, आणि मी बघितलं. माझा दाजी. ज्याला मी महिन्यापूर्वी दगड म्हटलं होतं. आजूबाजूला पाहिलं तर मुकादम डोळे पुसत होता आणि धूर गेला म्हणत होता. शाळेत कसला धूर?

दाजी पाटघरातच राहिले, हे सांगायला नको. तरी दुसऱ्या दिवशी तळचा सुतार माझ्या वाफ्यावर आला. वाळलेली चारशे मोजली. हिरव्या कलमाच्या बुडाशी बोट खुपसलं, माती नाकाला लावली आणि म्हणाला, साबण. मी म्हटलं, मग काय अत्तर असणार? तो पहिल्यांदा हसला. पुढच्या आठवड्यात त्याने कलमांना टेकू म्हणून दोनशे काठ्या तासून आणून दिल्या.

त्यानंतर दाजींनी आणखी पाच वर्षं वाटी सांभाळली. लोक आता मुद्दाम दारात पेला घेऊन उभे राहायचे, ते "आत्ताच प्यालो" म्हणायचे, आणि दोघंही हसायचे. चार भाषांत तो गावांचा विनोद होऊन बसला. मीही दर रविवारी पेला पुढे करायचे आणि परत फळीवर ठेवायचे, आईसारखी. पण आता ठेवताना हात जड होत नव्हता.

साठाव्या वर्षी त्यांनी वाटी सोडली. नवी पाटकरीण कुठून तरी लांबून आलेली, शाळेत झाडलोट करणारी बाई. तिचंही पाच गावांत कोणी नाही. शेवटच्या दिवशी दाजींनी छत्तिसावी वाटी काढली, पुसली आणि तिच्या ओंजळीत ठेवली. सोबत म्हाताऱ्याचा तो सल्लाही दिला असणार. कारण ती बाईही आता कोणाकडे पाणी पीत नाही, आणि आम्ही आता विचारत नाही.

दाजींना घर नव्हतं म्हणून पाचही गावं त्यांना न्यायला भांडली. आमच्यात भांडणाला कारण लागतंच. पण माझी मागची खोली मी आधीच चुन्याने रंगवून ठेवली होती आणि ताईची भांडी परस्पर आणून मांडली होती, त्यामुळे तो विषय मिटला.

दाजी मात्र सरळ माझ्याकडे आले नाहीत. सकाळी उठून बाटली न घेता पहिले गेले तळच्या गावात, सुताराच्या दारात. त्याची आई तर नव्हती आता, बायकोने पाणी दिलं. ते म्हणे तिथे ओट्यावर बसून प्याले, आणि सुतार आत निघून गेला, बराच वेळ बाहेर आला नाही. मग तिथून उलटे वर चालत निघाले. दुसरं गाव आमचं.

मी दारात उभी होते. पितळी पेला. पंचेचाळीस वर्षांची बाई, पण तो चिंचेने घासला होता आणि दोनदा घासला होता. ताई मागे उभी होती. दाजींनी चपला काढल्या, उंबऱ्याच्या आत आले, पाटावर टेकले आणि हात पुढे केला. मी पेला दिला. त्यांनी तो ओठाला लावला आणि या वेळी खाली आणला नाही. गळ्याची घाटी वरखाली होताना मी पाहत होते. मी भिंतीला धरलं.

पेला रिकामा झाला. दाजींनी तो बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "अजून एक मिळेल?"

सोडते का मी? मी म्हटलं, "छत्तीस झाल्या, दाजी."

ताईच्या तोंडून हुंदका फुटला की हसू, कोण जाणे. मी पेला घेतला, काठोकाठ भरला आणि त्यांच्या हातात ठेवला. "घ्या. ही कोणाची पहिली नाही. निवांत प्या."

दाजींनी तो सावकाश संपवला, एक थेंब न सांडता. पेला जमिनीवर ठेवला, तोंड पुसलं आणि आमच्या भाषेत, अगदी स्वच्छ उच्चारात म्हणाले, "सदतीस."